आठ पात्यांचा हिशेब

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने दरवर्षीप्रमाणे यंदाही लेखाची मागणी केली, तेव्हा आजवरच्या प्रघातास अनुसरून भुसार बाजाराच्या स्थितीवरच चार शब्द लिहून द्यावेत असा आमचा विचार होता. परंतु ज्वारीचे भाव आणि बाजार समितीचा सेस यांविषयी सभासद बंधूंस आम्ही नवीन ते काय सांगणार? उलट एका अगदी क्षुद्र भासणाऱ्या वस्तूने मध्यंतरी आम्हास जो धडा दिला, तो वखारी बाळगणाऱ्या अनेक बंधूंच्या उपयोगी पडेल, असे आमच्या मनाने घेतले. ती वस्तू म्हणजे ड्रोन नामक उडत्या यंत्राचे प्लास्टिकचे पाते. वजनाला चिमूटभर गव्हाएवढे, लांबीला मधल्या बोटापेक्षा किंचित कमी. यंत्रशास्त्राचे शिक्षण आम्ही घेतलेले नाही. जे हाताने केले, डोळ्यांनी पाहिले आणि ज्याची किंमत मोजली, तेवढेच येथे लिहीत आहोत.

आता हे यंत्र आपल्या समाजात अपरिचित राहिलेले नाही. लग्नाच्या मांडवावर, पंचकल्याणक महोत्सवाच्या मिरवणुकीवर ते घोंघावत असते आणि खाली सर्वजण माना वर करून पाहत असतात. आमच्या घरी मात्र ते हौसेखातर आले नाही. त्यामागे एक दुःखद प्रसंग आहे आणि तो सांगितल्यावाचून पुढील मजकुराचा अर्थ लागणार नाही.

निपाणीतील आमच्या वखारीवर सिमेंटचे पत्रे आहेत. असे पत्रे वरून धडधाकट दिसतात, परंतु वर्षानुवर्षांच्या उन्हापावसाने ते आतून ठिसूळ झालेले असतात. वैशाखातील वळवाच्या वाऱ्याने हुकांचे बोल्ट ढिले होतात, त्यांखालच्या चकत्या कुजतात, आणि मृगाच्या पहिल्याच सरीत थप्पीवर थेंब पडू लागतो. एक थेंब म्हणजे एक पोते, आणि ओल्या पोत्याची ऊब शेजारच्या दहा पोत्यांस लागते, हे व्यापारी बंधूंस सांगावयास नको. म्हणून दरवर्षी मे महिन्यात कोणीतरी शिडी लावून वर जाई आणि पत्रे तपासून येई. २००९ साली आमचा एक हमाल असाच वर गेला असता त्याच्या पायाखालचा पत्रा फुटला. तो सरळ आत कोसळला. दैव बलवत्तर म्हणून खाली तुरीच्या पोत्यांची थप्पी होती. जीव वाचला, पण कमरेचे हाड मोडले. तेव्हापासून त्याने पाठीवर पोते घेतलेले नाही. आज तो आमच्याकडे तोलकाट्यापाशी बसून पावत्या लिहितो आणि उजवा पाय ओढत चालतो.

त्या दिवसानंतर छपरावर माणूस चढवायचा नाही, असा आम्ही नियम केला. परंतु नियम केल्याने गळती थांबत नाही. काही वर्षे आतून टॉर्च मारून उजेडाची भोके शोधण्यात गेली. पुढे २०२१ च्या दिवाळीत आमच्या नातवाने, जो तेव्हा बेळगावी अभियांत्रिकीचे शिक्षण घेत होता, हे घडीचे ड्रोन आणले. सगळे मिळून वजन २४९ ग्रॅम, म्हणजे पाव किलोच्या मापाला एक ग्रॅम कमी. आम्ही प्रथम त्यास खेळणेच समजलो. पण त्याने अंगणातून ते उडवून छपराच्या मध्यावरील एकेक बोल्ट हातातील पडद्यावर दाखविला, तेव्हा आम्ही खुर्चीतून उठून उभे राहिलो. त्या वर्षी तीन पत्र्यांना बारीक तडे गेलेले आढळले आणि एकही माणूस वर न चढविता आम्हास ते कळले.

या यंत्रास चार बाहू असतात, प्रत्येक बाहूच्या टोकास एक मोटर आणि प्रत्येक मोटरवर दोन पात्यांचा एक पंखा. अशी एकूण आठ पाती होतात. समोरासमोरच्या कर्णावरील दोन पंखे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात व उरलेले दोन उलट दिशेने. सर्व एकाच दिशेने फिरते तर यंत्राचे धडच उलट बाजूस गरगरत राहिले असते. विमानास पंख असतात, घारीलाही असतात. पंखा थांबला तरी ती काही काळ तरंगू शकतात. या यंत्रास तरंगण्याचा आधार नाही. चारांपैकी एक पंखा गेला की उरलेले तीन त्याचा तोल सावरू शकत नाहीत आणि ते दगडासारखे खाली येते. हाकणारा कितीही वाकबगार असो, तेथे त्याचे काही चालत नाही.

पाते म्हणजे हवा ढकलणारी फळी, अशी आमची समजूत होती. नातवाने ती दुरुस्त केली. अमेरिकेतील राइट बंधूंनी १९०३ साली आपले विमान उडविण्यापूर्वी पंख्याच्या आकारावर पुष्कळ डोके चालविले आणि पंखा हा वस्तुतः गोल फिरणारा पंखच होय, या निर्णयाप्रत ते आले. म्हणूनच पात्याची एक कड जाड व गोलसर, दुसरी पातळ आणि वरचा पृष्ठभाग फुगीर असतो. हवा त्या फुगीर पाठीवरून सुरळीत वाहिली तरच उचल मिळते. कडेला खाच पडली, पाते वाकले किंवा पाठीवर घाण चिकटली, की ती सुरळीतपणा मोडते.

आता आमच्या चुकीकडे वळतो.

२०२३ च्या एप्रिलमध्ये परसातील पेरूच्या फांदीस पंखा लागला. मागच्या डाव्या बाहूवरील एका पात्याच्या कडेस खाच पडली. ज्वारीच्या दाण्याचा अर्धा भाग त्यात जेमतेम मावला असता. नातू म्हणाला, “आप्पा, पाती बदलावी लागतील. नवा संच मागवतो.” आम्ही किंमत विचारली. त्याने सांगितली. आम्ही म्हणालो, “एवढ्याशा खाचेपायी आठ पाती? बारदानाला भोक पडलं तर आपण ठिगळ लावतो, बारदान फेकून देत नाही.” तो वाद घालणारा मुलगा नाही. आम्हीच पॉलिश-कागदाचा तुकडा घेऊन ती खाच घासली, बोट फिरवून पाहिले, गुळगुळीत लागली आणि आम्ही समाधानाने हात धुतले. घासल्याने पात्याचा आणखी थोडा भाग गेला, हे ध्यानात येण्याइतकी समज आम्हास नव्हती.

मे महिन्यात नेहमीप्रमाणे तपासणीस आरंभ केला. यंत्र वर गेले, पण त्याचा आवाज बदललेला होता. एरवी भुंग्यासारखा एकसुरी असतो, त्या दिवशी त्यात फडफड होती. पडद्यावरील पत्र्यांच्या रेघा पाण्यातील प्रतिबिंबासारख्या थरथरत होत्या. नातू म्हणाला, “आप्पा, खाली घेतो.” आम्ही म्हणालो, “पन्हाळीचा तेवढा कोपरा राहिलाय, तो पाहून घे.” हे वाक्य लिहिताना आजही हात अडखळतो. कोपऱ्याकडे वळताच एक बारीक ‘टक्’ असा आवाज आला, यंत्र एका अंगावर कलंडले आणि छपराच्या पलीकडच्या उतारावर पडले.

अंगणात क्षणभर सर्वजण स्तब्ध होतो. तेवढ्यात एक तरुण हमाल शिडीकडे धावला. त्याने चपला काढल्या आणि झरझर वर चढला. मालकाची महागाची वस्तू वर पडली आहे, ती आणून द्यावी, एवढाच त्याचा भाव. तो तरुण म्हणजे २००९ साली पडलेल्या त्या हमालाचाच मुलगा. आम्ही “अरे थांब” म्हणेपर्यंत त्याचा एक पाय पत्र्यावर टेकलाही होता. इतक्यात तोलकाट्यापाशी बसलेला त्याचा बाप उभा राहिला. चौदा वर्षांत आम्ही त्याचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. तो ओरडला, “उतर खाली! त्या पत्र्यानं मला एकदा गिळलंय!” पोरगा तसाच थिजला, मग पाय मागे घेऊन खाली आला. बाप पुन्हा जागेवर बसला आणि पावती लिहू लागला, पण त्याच्या हातातील पेन्सिल थरथरत होती. आमच्याकडे त्याने पाहिले नाही. त्याने पाहिले असते तर बरे झाले असते, असे वाटते.

माणूस छपरावर चढू नये म्हणून घेतलेले यंत्र आमच्या कंजुषीने माणसालाच छपरावर चढवून बसले होते. पुढे चौथ्या दिवशी पत्रेवाल्या कारागिरांनी बोल्टांच्या रांगेवर, म्हणजे खालच्या वाशांच्या आधारावर, लांब फळ्या टाकल्या आणि फळीवरूनच सरपटत जाऊन यंत्र काढले. दरम्यान एक वळीव पडून गेला होता. दुरुस्तीस जो खर्च आला तो पात्यांच्या नव्या संचाच्या कितीतरी पट होता. मोडलेले पाते तपासले तेव्हा ते खाचेपाशी मोडलेले नव्हते. मुळाशी, स्क्रूच्या भोकाजवळ तुटले होते. टोकाकडील दोषाने सतत हिसके बसून मुळाशी तडा गेला असावा, असे नातवाचे मत पडले.

आमच्या मनात एक प्रश्न राहिला, तो हा की इतक्या किरकोळ खाचेने एवढा हिसका बसतोच कसा? नातवाने वहीत हिशेब मांडून दाखविला. तो वाचकांनीही करून पाहावा. पंख्याचा व्यास सुमारे १२ सेंटीमीटर आणि वेग मिनिटास १०,००० फेरे धरू. म्हणजे पात्याचे टोक सेकंदास ६० मीटरहून अधिक, ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात जाते. आता टोकाजवळ, मध्यापासून ५ सेंटीमीटरवर, ग्रॅमचा केवळ शंभरावा भाग कमी झाला आहे असे समजा. सोनारदेखील ज्यासाठी फुंकर घालून काटा स्थिर करील, एवढेच ते वजन. परंतु त्या वेगाने फिरताना तेवढ्या फरकाने मोटरच्या दांड्यावर सुमारे ५५ ग्रॅम वजनाइतकी ओढ बसते. सगळे यंत्र २४९ ग्रॅमचे, त्यात ही ५५ ग्रॅमची ओढ, आणि तिची दिशा मिनिटास दहा हजार वेळा फिरते. तराजूतील पासंगाची आम्हास उभ्या जन्माची ओळख. पासंग असलेला तराजू गिऱ्हाइकाला फसवितो. पण दर फेऱ्यास स्वतःची दांडी पिळणारा पासंग आम्ही प्रथमच पाहिला.

असा प्रसंग फार मोठ्या माणसांवरही आलेला आहे. १७ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेतील फोर्ट मायर येथे ऑरव्हिल राइट हे सैन्याच्या अधिकाऱ्यांस आपले विमान उडवून दाखवीत होते. सोबत थॉमस सेल्फ्रिज नावाचे लेफ्टनंट बसले होते. हवेत असताना एका लाकडी पंख्याच्या पात्यास तडा गेला, तो पंखा हादरू लागला आणि सुकाणूस ताणून धरणाऱ्या तारेस लागला. तार तुटली, विमान कोसळले. ऑरव्हिल यांची मांडी व बरगड्या मोडल्या. सेल्फ्रिज मरण पावले. यंत्रशक्तीच्या विमानाच्या अपघातात दगावलेले ते पहिले मनुष्य होत. ज्यांनी स्वतः पंख्याचे शास्त्र रचले, त्यांनाही तडा गेलेल्या पात्याने सोडले नाही. आम्ही तर पॉलिश-कागद घेऊन बसलो होतो.

आता पाती कशी पाहावीत आणि कशी बदलावीत, ते सविस्तर सांगतो. ज्यांच्या घरी हे यंत्र आहे त्यांनी हा भाग मुलांस वाचून दाखवावा, आणि मुले यंत्र चालवीत असतील तर वडिलांनी स्वतः वाचावा.

कोणतेही काम करण्यापूर्वी बॅटरी बाहेर काढावी. पाती धारदार असतात आणि मोटर अवचित सुरू झाली तर बोटे सोलून निघतात. मग प्रत्येक पाते उजेडासमोर धरून पाहावे. दोन्ही कडांवरून नख हलकेच फिरवावे. डोळ्याला न दिसणारी खाच नखाला अडते. पाते वाकून सरळ झाले असेल तर त्या जागी प्लास्टिकवर पांढरट रेघ उमटते. ती रेघ दिसली की ते पाते संपले असे समजावे, मग ते कितीही सरळ दिसो. मुळाशी, स्क्रूभोवती, विशेष बारकाईने पाहावे. आमचे पाते तेथेच गेले. शेवटी पाते बोटाने हलवून पाहावे. घडीच्या पंख्याचे पाते स्क्रूभोवती सहज फिरले पाहिजे, मात्र वरखाली डगमगता कामा नये. पंखा फिरू लागला की वेगामुळे पाती आपोआप बाहेर ताणली जाऊन सरळ होतात. ती अडकून बसत असतील तर एक पाते सरळ आणि दुसरे तिरके, अशी गत होते.

बदलताना एका वेळी एकच मोटर हाती घ्यावी. कर्णावरील समोरचा पंखा तसाच राहिल्याने नमुना डोळ्यांसमोर असतो. आम्ही हे काम कडा असलेल्या पितळी ताटात करतो. त्यातील स्क्रू मुंगीएवढे असतात आणि जमिनीवर पडले तर धान्याच्या वखारीत ते शोधणे म्हणजे राळ्यातून राजगिरा वेचणे होय. पेचकस यंत्राबरोबर आलेलाच वापरावा. किंचित मोठा वा लहान पेचकस लावला की स्क्रूचे डोके घासून बोथट होते आणि मग तो ना निघत ना बसत. दुसऱ्या हाताने मोटर धरावी. बाहू धरून जोर लावू नये, घडीची बिजागरी दुखावते.

एका पंख्यावरील एकच पाते खराब असले तरी दोन्ही काढून टाकावीत. नवी दोन पाती एकाच पाकिटातील घ्यावीत, कारण कारखान्यात जुळत्या वजनाची जोडी एकत्र घातलेली असते. दोन पाकिटांतील पाती मिसळली की आपणच पासंग तयार करतो. स्क्रूही पाकिटातील नवेच लावावेत. त्यांच्या आट्यांवर निळसर द्रव्याचा लेप असतो. त्याच्या जोरावर ते थरथरीत ढिले होत नाहीत, आणि एकदा काढलेल्या स्क्रूवर तो लेप शाबूत राहत नाही. असले द्रव्य बाजारातून बाटलीभर आणून जुन्या स्क्रूंना लावावे, असा काटकसरीचा विचार कोणाच्या मनात येईल. आमच्याही आला होता. परंतु ते ओघळून प्लास्टिकवर गेले तर काही जातींचे प्लास्टिक त्याने तडकते, असे कळल्यावर आम्ही तो सोडला. स्क्रू टेकेपर्यंत आवळावा, त्यापुढे बळजबरी करू नये. आवळून झाल्यावर यंत्र तिरके केले असता पाते स्वतःच्या वजनाने हलले तर काम नीट झाले.

दिशेची चूक सर्वांत घातक. उजवी-डावी पाती दिसायला जवळजवळ सारखी असतात, पण त्यांचा पीळ परस्परविरुद्ध असतो. काही पात्यांच्या मुळाशी खूण असते, आणि ज्या बाहूंवर खूण असेल त्या मोटरांवरच ती बसवायची. बिनखुणेची उरलेल्या दोहोंवर. यात अदलाबदल झाली तर यंत्र उडतेवेळीच उलटे होते. खुणांवर न थांबता आम्ही आणखी एक पडताळा करतो. मोटर ज्या दिशेने फिरते त्या दिशेने पात्याची जाड गोलसर कड पुढे आहे ना, हे बोटाने फिरवून पाहतो.

सर्व बसवून झाल्यावर लगेच छपरावर जाऊ नये. मोकळ्या जागी यंत्र ठेवून, सर्वांस दूर उभे करून, मोटरा नुसत्या जमिनीवर फिरवाव्यात आणि आवाज ऐकावा. मग छातीइतक्या उंचीवर मिनिटभर स्थिर धरावे. खाली उतरवून, बॅटरी काढून, आठही स्क्रू पुन्हा पाहावेत. काढलेली जुनी पाती आम्ही तत्काळ कात्रीने तुकडे करून टाकतो. ही खबरदारी इतरांसाठी नाही. ती पाती पुन्हा डबीत जपून ठेवणारा मनुष्य या घरात एकच आहे, आणि तो हा लेख लिहीत आहे.

नकली पात्यांविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने तयार परदेशी ड्रोनच्या आयातीस मनाई केली. संरक्षण, सुरक्षा व संशोधन यांपुरतीच सूट ठेवली. सुट्या भागांवर मात्र ती मनाई नव्हती. त्यामुळे जुनी यंत्रे लोकांनी जपून ठेवली आणि सुट्या भागांच्या बाजारात अस्सल-नकल दोन्ही शेजारी शेजारी मांडली गेली. आम्हीही एकदा निम्म्या किमतीत आठ पाती आणली. आमच्या एका सराफ मित्राच्या पेढीवर मिलिग्रॅमचा काटा आहे. तेथे आम्ही ती एकेक तोलली. मूळ पाकिटातील जोडीत दोन-तीन मिलिग्रॅमहून अधिक फरक निघाला नाही. स्वस्त जोडीत एक पाते दुसऱ्याहून सोळा मिलिग्रॅमने जड. सराफ मित्र हसून म्हणाले, “आमच्याकडे एवढ्या फरकाला गिऱ्हाईक भांडतं. तुम्ही आकाशात सोडणार होता?” ती आठही पाती त्यांच्याच दुकानात कात्रीखाली गेली.

रोजच्या निगेत फारसे काही नाही. मऊ, किंचित ओलसर फडक्याने पाती पुसावीत. स्पिरिट वा पेट्रोल लावू नये. उन्हात उभ्या मोटारीत यंत्र ठेवू नये, उष्णतेने पाती वाकतात. घडी घालून ठेवताना त्यांवर दुसरी वस्तू रेलू देऊ नये. या उपदेशातील एकच गोष्ट आम्ही आमच्या अकलेने शिकलो आणि तीही ठेच लागल्यावर. अंगणातील धूळ व भुसा मोटरमध्ये जाऊ नये म्हणून आम्ही यंत्राखाली स्वच्छ बारदान अंथरीत असू. एके दिवशी मागची मोटर करकरू लागली. पाहतो तो तागाचा एक धागा सुटून दांड्याभोवती गुंडाळलेला. चिमट्याने तो काढण्यात दुपार गेली. आता जाड मेणकापड अंथरतो आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर तराजूची जुनी लोखंडी वजने ठेवतो, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने कापडच वर उचलले जाते. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून ती पाच-पाच किलोची वजने अडगळीत पडली होती, त्यांना पुन्हा काम मिळाले.

पाती पुसताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि जैन वाचकांपुढे ती लपवून ठेवणे योग्य नव्हे. संध्याकाळी यंत्र उडविले की पात्यांच्या पुढच्या कडेस बारीक काळे ठिपके चिकटलेले आढळत. ते किडे होते. दिवेलागणीस हवेत जीवांची दाटी होते आणि पाते तर डोळ्यांनी दिसतही नाही. मुनिमहाराज ईर्यासमिती पाळून चार हात पुढची भूमी निरखून पाऊल टाकतात. गृहस्थाच्या हातून तितके होत नाही, हे मान्य. पण सूर्यास्ताकडे यंत्र वर धाडण्याची गरज तरी काय? आम्ही वेळ बदलली. आता सकाळी ऊन वर आल्यावर, वारा पडलेला असताना अर्धा तास उडवितो. ठिपके जवळजवळ नाहीसे झाले. मे-जून हा कावळ्यांचा विणीचा काळ. पन्हाळीशेजारच्या उंबरावर घरटे दिसले तर ती बाजू आम्ही वगळतो. कावळे यंत्रावर चाल करून येतात. त्यात पात्याचे नुकसान होईल ते होवो, पक्ष्याचा पंख चिरला तर तो कोणत्या पाकिटातून बदलून देणार?

सरकारी नियमांचे थोडक्यात सांगतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रास चालकाचा परवाना लागत नाही. परंतु कोठे उडवावे याचे बंधन लहान यंत्रासही आहे आणि विमानतळ व लष्करी ठिकाणांच्या परिसरात परवानगीवाचून ते वर नेता येत नाही. बेळगावच्या सभासदांनी सांबऱ्याचा विमानतळ आणि शहरातील छावणी ध्यानात घेऊन डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील नकाशा आधी पाहावा.

आमच्या पेढीच्या किर्दीत आता ‘पाती बदल’ नावाचे एक खाते आहे. मुनीमजींनी प्रथम ते किरकोळ खर्चात टाकले होते, आम्ही ते वेगळे काढावयास लावले. त्याशिवाय एका जुन्या लांब वहीत चार मोटरांची चार पाने केलेली आहेत. कोणत्या तारखेस कोणत्या पंख्याची जोडी बदलली, का बदलली, कोणी बसविली, कोणी पडताळली, हे तेथे लिहिले जाते. बसविणारा व पडताळणारा एकच नसावा, असा दंडक आहे. नातू नोकरीनिमित्त पुण्यास गेल्यापासून यंत्र चालविण्याचे काम त्या तरुण हमालाने उचलले आहे. त्याचा हात नातवापेक्षाही स्थिर आहे, हे नातूही कबूल करतो. पडताळणारा म्हणून सही त्याच्या बापाची असते. तो प्रत्येक पाते खिडकीसमोर धरून दोन्ही कडांवरून नख फिरवितो, आणि त्याचे होईपर्यंत यंत्रात बॅटरी घातली जात नाही. गेल्या मे महिन्यात त्याने दुसऱ्या मोटरची जोडी नापास केली. आम्ही चष्मा लावून पुष्कळ पाहिले, आम्हास काही दिसले नाही. त्याने आमचे बोट धरून त्या कडेवर फिरविले, तेव्हा ते अडले.